इटालियन झोंबीपट पाहायला बसण्याआधी

न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल. वरच्या पादचारी मार्गावरून मुडदे चाललेत. अंगावर मातीचे पोपडे, कलंडलेल्या माना, लोंबकळते हात. रेडिओवरचा निवेदक जिवाच्या आकांताने सांगतोय की शहर हातचं गेलं, ते आता दारापर्यंत आलेत. आणि त्याच फ्रेममध्ये, खालच्या रस्त्यावर, मोटारींची रांग रोजच्यासारखी पुढे सरकतेय. कोणी ब्रेक मारत नाही, कोणी वर बघत नाही.

लुचिओ फुल्ची या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘झोंबी २’ या १९७९ सालच्या सिनेमाचा हा शेवट. (शेवट आधी कळल्याने या सिनेमांचं काही बिघडत नाही, म्हणून बिनधास्त सांगतोय.) अख्खा पूल बंद करून चित्रीकरण करणं या बजेटच्या सिनेमाच्या आवाक्यातलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्याने हसलो आणि दोन क्षणांत गप्प झालो. जग बुडतंय आणि लोक कामावर निघालेत. कुठल्याही महागड्या दृश्यापेक्षा ते अंगावर आलं. आजही मला सांगता येत नाही की ती नाइलाजाची तडजोड होती की दिग्दर्शकाची नजर. या सिनेमांची गोडी नेमकी इथे आहे.

तुटपुंजे पैसे, कमालीची घाई, आणि तरीही काम मनापासून केलेलं. रबराचं मुंडकं उडतं, शिवण दिसते, पण समोरच्या नटाच्या चेहऱ्यावरची भीती खरी असते. पडद्यावरचं कोणीही प्रेक्षकाला डोळा मारत नाही. मुद्दाम वाईट सिनेमा काढून हसवणारे नंतर पुष्कळ झाले, त्यांच्यात हा रस नाही. म्हणून नवीन येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं एवढंच, की हसू आलं तर खुशाल हसा, पण सिनेमा पाहा मात्र त्यांनी केला तितक्याच मनापासून.

आता क्रमाने.

१. आधी पोटाचा अंदाज घ्या

हे सिनेमे मोठ्यांसाठीच आहेत. घरात लहान मुलं जागी असताना लावू नका, आणि जेवताना तर अजिबात नको. इथे मुडदे पटकन चावून निघून जात नाहीत, कॅमेरा तिथेच ठाण मांडून बसतो. डोळ्यांना इजा, आतडी, किडे आणि अळ्या या गोष्टी जवळून आणि निवांत दाखवल्या जातात. बायकांचे कपडे विनाकारण उतरवण्याची त्या काळच्या निर्मात्यांची खोडही जागोजागी दिसते.

एक फरक सुरुवातीलाच समजून घ्या. त्याच वर्षांत, त्याच मंडळींमधल्या काहींनी नरभक्षक टोळ्यांचे जंगलपटही काढले. त्यांतल्या काहींमध्ये कॅमेऱ्यासमोर खरे प्राणी मारलेले आहेत. ते मी कोणालाही सुचवत नाही. झोंबीपटातलं रक्त रंगाचं असतं आणि आतडी खाटकाच्या दुकानातली असतात, म्हणूनच त्यांच्याकडे कारागिरी म्हणून बघता येतं.

२. नावांचा घोळ सोडवा

ही पायरी गाळलीत तर चुकीचा सिनेमा लावून बसाल. अमेरिकेच्या जॉर्ज रोमेरोचा ‘डॉन ऑफ द डेड’ करायला इटलीचा दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो याने हातभार लावला होता. तो १९७८ मध्ये इटलीत ‘झोंबी’ या नावाने लागला आणि तुफान चालला. वर्षभराच्या आत फुल्चीचा सिनेमा ‘झोंबी २’ म्हणून थिएटरात आला. कथेचा पहिल्याशी काडीचा संबंध नाही, आकडा फक्त गर्दी खेचायला. हाच सिनेमा अमेरिकेत नुसता ‘झोंबी’ झाला आणि ब्रिटनमध्ये ‘झोंबी फ्लेश ईटर्स’. म्हणजे एका देशातला ‘झोंबी’ हा दुसऱ्या देशातला ‘झोंबी २’. पुढचे तीन आणि चार तर आणखी गोंधळाचे आहेत. त्यामुळे शोधताना नावाबरोबर दिग्दर्शक आणि साल दोन्ही तपासा, पोस्टरवर विसंबू नका.

असं का होत असे? इटालियन धंद्यात यासाठी एक शब्द आहे, ‘फिलोने’. खाणीत सोन्याची शीर लागावी तसा एखादा विषय चालला की सगळे त्याच शिरेवर तुटून पडायचे आणि ती आटेपर्यंत खणायचे. आधी पौराणिक पहिलवानांचे सिनेमे, मग वेस्टर्न, मग खूनपट, मग पोलीसपट. झोंबींची शीर १९७९ ला लागली आणि खरी तेजी जेमतेम दोन-तीन वर्षं टिकली. माणसं मात्र तीच. फुल्ची स्वतः १९२७ चा, रोमचा. झोंबींपर्यंत येण्याआधी त्याने विनोदी सिनेमे, गाण्यांचे सिनेमे, वेस्टर्न असं सगळं करून झालं होतं. बावन्नाव्या वर्षी त्याला मुडद्यांनी नाव मिळवून दिलं. म्हणून या सिनेमांत कथा गडबडली तरी कॅमेरा सहसा गडबडत नाही, मागे वीस-वीस वर्षं सेटवर घालवलेले हात असतात.

श्रेयनामावलीतली नावंही फसवी असतात. परदेशी बाजारात खपावं म्हणून दिग्दर्शक ब्रुनो मात्तेई ‘व्हिन्सेंट डॉन’ होतो, मारिनो जिरोलामी ‘फ्रँक मार्टिन’ होतो.

३. आवाजाबद्दल तक्रार करू नका

नवख्याला पहिल्या पाच मिनिटांत खटकतं ते डबिंग. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. हे समजून घेतलं की त्रास संपतो. त्या काळच्या इटालियन सिनेमात सेटवरचा आवाज अंतिम म्हणून वापरायची पद्धतच नव्हती. एक नट इंग्रजीत बोलतोय, दुसरा इटालियनमध्ये, आणि दोघं एकमेकांना उत्तरं देतायत. मग सगळा आवाज स्टुडिओत नव्याने भरायचा, प्रत्येक भाषेसाठी वेगळा. म्हणजे ‘मूळ भाषा’ असं काही उरतच नाही. फुल्चीचे सिनेमे मी इंग्रजी आवाजात पाहतो, कारण प्रमुख नट बहुतेक इंग्रजीच बोलत होते. इटालियन आवाज थोडा गंभीर वाटतो, दुसऱ्यांदा पाहताना तो लावून बघा.

एका पोराला मात्र तयार राहा. ‘द हाउस बाय द सिमेटरी’मधल्या छोट्या बॉबला इंग्रजीत मोठ्या माणसाने चिरक्या स्वरात दिलेला आवाज आहे. पहिल्यांदा कान किटतात. पण सिनेमा संपेपर्यंत तो आवाज त्या घराच्या तळघराइतकाच भुताटकीचा वाटायला लागतो.

४. सुरुवात ‘झोंबी २’पासूनच करा

दुसऱ्या कशापासून नको. गोष्ट सोपी आहे. न्यूयॉर्कच्या बंदरात एक बेवारस शिडाची बोट वाहत येते, आत मुडदा. बोटीच्या मालकाची मुलगी, म्हणजे टिसा फॅरो, आणि वार्ताहर झालेला इयन मॅककुलक बापाचा माग काढत कॅरिबियनमधल्या मातूल बेटावर पोचतात. तिथे रिचर्ड जॉन्सनचा घामेजलेला डॉक्टर, वाढत चाललेले रोगी, आणि लांबून सतत ऐकू येणारे ढोल. पहिला अर्धा तास संथ आहे. तो पळवू नका, बेटाची उष्णता त्या अर्ध्या तासातच अंगात मुरते.

मग शार्कचा प्रसंग येतो. एक पाणबुडी बाई समुद्रात उतरते, तिला वाघशार्क दिसतो, ती पोवळ्यांच्या आड लपते, आणि मागून एक मुडद्याचा हात येतो. ती निसटते. आता पाण्याखाली राहिले दोघेच, शार्क आणि मुडदा. दोघं झटापट करतात. मुडदा शार्कला चावतो, शार्क मुडद्याचा हात तोडून नेतो. संगणक नाही, यांत्रिक मासा नाही. शार्क खरा आहे, आणि झोंबीच्या वेशात रामोन ब्राव्हो नावाचा मेक्सिकोचा पाणबुडा छायाचित्रकार आहे, ज्याचं आयुष्य शार्कमध्येच गेलं होतं. नीट पाहा, त्याची हालचाल किती सावकाश आहे. मुडदा म्हणून ती शोभते, आणि शार्कजवळ असलेल्या शहाण्या माणसाची हालचालही अशीच असते. कथेला या प्रसंगाची गरज शून्य. पण कोणाला तरी सुचलं, आणि बाकीच्यांनी ‘चला, करू या’ म्हटलं. या सगळ्या प्रकारावर जीव का जडतो ते या पाच मिनिटांत कळलं नाही, तर पुढच्या पायऱ्या चढायची गरज नाही.

दुसरा थांबा जुन्या कबरस्तानाचा. चारशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश शिपायांच्या कबरींवर ही मंडळी दमून टेकलेली असतात. माती हलते. एक मुडदा उठतो आणि त्याच्या डोळ्याच्या खोबणीत गांडुळांचा गुंता लोंबतोय. मेकअप करणारा जान्नेत्तो दे रोस्सी. अमेरिकन झोंबी तेव्हा निळसर-करड्या रंगाचे, माणसासारखेच दिसायचे. दे रोस्सीने चेहऱ्यावर थरावर थर चढवले, वाळून भेगा पडलेल्या चिखलासारखे. हे मुडदे खरोखर जमिनीतून आल्यासारखे वाटतात. आपल्याकडे उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळाशी जी भेगाळलेली माती राहते, अगदी तो पोत. स्वस्तातला उपाय महागातल्यापेक्षा सरस ठरल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दाराच्या फुटलेल्या फळीची कुसळ आणि एका बाईचा डोळा, असाही एक प्रसंग आहे. ज्यांना नको त्यांनी दार फुटायला लागलं की मान फिरवावी. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात बंदीच्या यादीत गेलेल्या व्हिडिओ कॅसेटींमध्ये हा सिनेमा होता, त्यामागे अशीच दृश्यं. म्हणूनच कापलेल्या प्रती अजून फिरतात. पूर्ण सिनेमा साधारण दीड तासाचा आहे. तुमची प्रत त्याहून बरीच लहान भरली, तर दुसरी शोधा.

५. मग फुल्चीचे पुढचे तीन, वर्षाच्या क्रमाने

‘सिटी ऑफ द लिव्हिंग डेड’ १९८० चा, ‘द बियाँड’ आणि ‘द हाउस बाय द सिमेटरी’ १९८१ चे. तिन्हींत कॅट्रिओना मॅकॉल नायिका आहे, तिन्हींचा कॅमेरा सेर्जिओ साल्वातीचा, तिन्हींच्या लेखनात दार्दानो साक्केत्ती. इथे तर्क दारात ठेवूनच आत जायचं. मुडदे चालत येत नाहीत, अचानक प्रकटतात आणि नाहीसे होतात. पहिल्या सिनेमात खिडकी फुटते आणि खोलीत अळ्यांचा पाऊस पडतो. त्या खऱ्या आहेत, पंख्यांनी नटांच्या अंगावर उडवलेल्या. त्या खोलीतल्या चौघांच्या चेहऱ्यावरचा अभिनय बघा आणि किती अभिनय होता याचा विचार करा.

‘द बियाँड’ माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं शिखर. लुईझियानातलं एक जुनं हॉटेल वारशाने मिळतं, त्याच्या तळघराखाली नरकाच्या सात दारांपैकी एक. फुल्चीला यात झोंबी फारसे नकोच होते, पण जर्मन वितरकांना ते हवे होते. म्हणून शेवटी इस्पितळात मुडद्यांची फौज येते. त्याच इस्पितळात एका दारावर पाटी आहे, ‘डू नॉट एंट्री’. इंग्रजीत असं कोणी लिहीत नाही, पण सेटवर कोणाच्या लक्षात आलं नाही आणि ती पाटी अमर झाली. तिथेच डेव्हिड वॉरबेकचा डॉक्टर डोक्यात गोळी घातल्यावरच मुडदा पडतो हे अनुभवूनही पुन्हा पोटात गोळ्या घालत राहतो. आणि लिफ्टमध्ये तो पिस्तुलात गोळी भरतो ती चक्क नळीच्या तोंडातून! मॅकॉल शेजारी हसू आवरत उभी आहे, प्रसंग थांबवून थांबवून पाहिला तर दिसतं.

आता लगेच पुढची काही मिनिटं पाहा. दोघं जिना उतरतात आणि राखाडी, अंतहीन पसरलेल्या एका माळावर येऊन पोचतात. मातीत पडलेली शरीरं, धुकं, आणि फाबिओ फ्रित्झीचं संगीत. मागे वळलं तरी तेच. नळीतून गोळी भरणारा सिनेमा आणि हे चित्र, दोन्ही एकाच रिळातले. मित्रांसोबत कितीही दंगा चाललेला असो, या ठिकाणी खोली शांत झालेली मी दर वेळी पाहिली आहे.

फ्रित्झीबद्दल आणखी एक. शक्य असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर हे सिनेमे पाहू नका. त्याचे सिंथेसायझरचे ठोके अर्धं काम करतात.

६. आता वात्रट शाखा

फुल्चीने गोडी लागली की बाकीच्यांकडे वळा. आधी नको, नाहीतर सगळा प्रकार थट्टेचाच वाटेल.

उंबेर्तो लेन्झीचा ‘नाइटमेअर सिटी’, १९८०. विमान उतरतं, दार उघडतं, आणि करपलेल्या चेहऱ्यांची माणसं सुरे, कुऱ्हाडी, मशीनगन घेऊन धावत बाहेर येतात. धावणारे झोंबी एकविसाव्या शतकात नवीन म्हणून गाजले, लेन्झी ते वीस वर्षं आधी करून बसला होता. तो स्वतः मात्र त्यांना झोंबी म्हणू देत नसे. ती किरणोत्सर्गाने बाधित माणसं, असा त्याचा आग्रह. दूरदर्शन केंद्रात नाचाचा कार्यक्रम चालू असताना होणारा हल्ला चुकवू नका. या सिनेमात कंटाळ्याला जागाच नाही.

आंद्रेआ बियांकीचा ‘बरियल ग्राउंड’, १९८१. रोमजवळच्या फ्रास्कातीतला एक जुना वाडा, व्हिला पारिसी. पाहुणे येतात, एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या काळातले मुडदे उठतात, आणि मग फक्त वेढा. कथा जवळपास नाहीच. हे मुडदे हत्यारं वापरतात, ओंडक्याने दार फोडतात, आणि त्यांचे चेहरे या सबंध प्रकारात सर्वांत कुजके, सर्वांत सुंदर आहेत. आईला चिकटून राहणारा मुलगा पीटर बार्क नावाच्या पंचविशीतल्या नटाने केलाय. आई-मुलाचे ते प्रसंग असे आहेत की खरं मूल घेणं शक्यच नव्हतं, आणि ते सहन होण्याजोगे नाहीत असं काहींना वाटतं. शेवटी पडद्यावर भविष्यवाणी उमटते, त्यात ‘नाइट्स’ आणि ‘प्रॉफसी’ या दोन्ही इंग्रजी शब्दांची स्पेलिंग चुकलेली. सिनेमा अगदी गंभीर चेहऱ्याने त्या चुकांवर थांबतो आणि संपतो.

जिरोलामीचा ‘झोंबी होलोकॉस्ट’, १९८०. एका क्षणासाठी पाहा. इस्पितळाच्या खिडकीतून माणूस उडी मारतो, खाली बाहुला आपटतो आणि त्याचा हात निखळून बाजूला पडतो. पुढच्या शॉटमध्ये हात जागेवर. बाकी सिनेमा बेतास बात.

मात्तेईचा ‘हेल ऑफ द लिव्हिंग डेड’ही १९८० चाच. स्पेनमध्ये चित्रीकरण करून न्यू गिनी म्हणून दाखवलेला. मधल्या जागा दुसऱ्यांच्या माहितीपटातल्या दृश्यांनी भरलेल्या, संगीत गोब्लिन या इटालियन बँडच्या आधीच्या सिनेमांमधून उचललेलं. एक कमांडो घर झोंबींनी भरलेलं असताना हिरवा बॅलेचा झगा चढवून गिरक्या घेतो. त्या झग्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा लावतो. पण न्यू गिनीच्या आदिवासींकडे तो ज्या नजरेने बघतो ती मला मान्य नाही. त्यांची खरी आयुष्यं तिथे भरताड म्हणून वापरली आहेत. पाहताना हे डोक्यात असू द्या.

‘झोंबी ३’ सर्वांत शेवटी. फिलिपिन्समध्ये चित्रीकरण चालू असताना फुल्ची आजारी पडला आणि सिनेमा मात्तेई व क्लाउदिओ फ्रागासो यांनी पुरा केला. १९८८ चा. फ्रिजमधून मुंडकं उडत येतं.

७. मंडळी कशी जमवायची

चार ते सहा जण पुरे. आमच्याकडे एकच नियम आहे: पहिल्यांदा पाहणारा जो असेल, त्याच्या आधी कोणी ‘आता बघ’ म्हणायचं नाही. चूक स्वतःच्या डोळ्यांनी सापडण्यात निम्मी मजा आहे. एका रात्रीत दोनच सिनेमे, आधी वात्रट आणि मग फुल्ची. उलटं केलं तर ‘द बियाँड’चा तो माळ दुसऱ्या सिनेमाच्या गडबडीत वाहून जातो.

मंडळीत कोणी रामसे बंधूंचे सिनेमे पाहत वाढलेलं असेल तर त्याला जरूर बोलवा. १९७२ मध्ये त्या कुटुंबाने महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, घरच्याच माणसांनी कॅमेरा-ध्वनी-दिग्दर्शन वाटून घेऊन ‘दो गज जमीन के नीचे’ उभा केला. ज्याला त्या सिनेमांतल्या धुक्यावर आणि हिरव्या दिव्यांवर प्रेम करता येतं, त्याला साल्वातीचं धुकं समजावून सांगावं लागत नाही. आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ २०२२ मध्ये आला तेव्हा डोंबिवलीच्या टॉवरखाली गोळा झालेली ती गर्दी बघताना मला मातूल बेटावरचा तो शेवटचा वेढा आठवत होता.

८. आणि एक एकट्याने पाहण्यासाठी

शीर आटल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९४ मध्ये, मिकेले सोआवीने ‘देल्लामोर्ते देल्लामोरे’ केला. आर्जेंतोच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. तित्सियानो स्क्लावीच्या कादंबरीवरून घेतलेली गोष्ट, आणि नायक रुपर्ट एव्हरेट, एका लहान गावाच्या कबरस्तानाचा राखणदार. इथे पुरलेली माणसं सातव्या दिवसापर्यंत उठतात आणि त्याला ती पुन्हा मारावी लागतात. तक्रार करायची तर कागदपत्रं फार, त्यापेक्षा गोळी घालणं सोपं, असा त्याचा हिशेब. दाराशी कोणीतरी येतं. तो शांतपणे उठतो, पिस्तूल घेतो, दार उघडतो, गोळी घालतो आणि फोनवरचं अर्धं राहिलेलं बोलणं पुढे सुरू करतो.

हा मंडळींसोबत लावू नका. दिवे मालवून, आवाज पुरेसा ठेवून, एकट्याने बसा.